टोकाला जाणं चालतं, मुक्काम नको: लांबच्या प्रवासात विजेच्या गाडीचं चार्जिंग

विजेची गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच तीन सल्ले हमखास मिळतात. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर भरू नकोस. २० टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नकोस. आणि फास्ट चार्जर लावू नकोस, बॅटरी बसते. तिन्ही सल्ले इमानेइतबारे पाळले तर ४५ युनिटांच्या (म्हणजे ४५ किलोवॉट-तासांच्या) बॅटरीतली वापरायला २७ युनिटं उरतात. पुण्याहून सावंतवाडीला निघालेली गाडी कऱ्हाडच्या जरा पुढे थांबते. तिथे फास्ट चार्जर लावायचा नाही, म्हणजे लॉजवर रात्र काढणं आलं.

हे सल्ले देणारी माणसं थापा मारत नाहीत. प्रत्येक सल्ल्यामागे बॅटरीच्या रसायनातली एक खरी गोष्ट आहे. फक्त ती कधी आणि किती वेळासाठी खरी, हे सांगणारं अर्धं वाक्य तोंडातोंडी गळून गेलंय. ते परत जोडलं की बरीचशी भीती जाते. बॅटरी १०० टक्क्यांवर किंवा ८ टक्क्यांवर पोहोचल्याने फारसं काही बिघडत नाही. ती त्या टोकाला तासन्‌तास, दिवसेंदिवस पडून राहिली तर बिघडतं, आणि उन्हात पडून राहिली तर जास्त. प्रवासात गाडी टोकावर थांबतच नाही, पुढे जाते. त्यामुळे घरी पाळायचे नियम आणि रस्त्यावर पाळायचे नियम वेगळे आहेत.

झिजतं ते नेमकं काय

गाडीच्या बॅटरीत शेकडो, काही गाड्यांत हजारो लहान सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू आणि मधे एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, गाडी चालवताना परत येतात. हे जाणंयेणं म्हणजेच आपलं चार्जिंग आणि डिस्चार्जिंग.

ग्रॅफाइटवर सुरुवातीच्या काही चार्जिंगमध्येच एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच असतो, कारण त्याच्यामुळे द्रव आणि ग्रॅफाइट यांची थेट झटापट होत नाही. पण हा पापुद्रा हळूहळू जाड होत राहतो आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम गिळतो. गिळलेलं लिथियम परत कामाला येत नाही; तितकी बॅटरी कायमची कमी झाली. पापुद्रा वाढण्याचा वेग दोन गोष्टींनी वाढतो: उष्णता आणि सेल भरलेला असणं. गाडी एक किलोमीटरही न चालवता नुसती उभी असली तरी ही झीज चालू असते. १०० टक्के भरून मे महिन्यात उन्हात आठवडाभर लावलेली गाडी या हिशेबाने सगळ्यात वाईट अवस्थेत असते, आणि मालकाला वाटतं आपण गाडी जपून ठेवलीय.

दुसरी झीज वापराची. लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट साधारण दहा टक्क्यांनी फुगतं, बाहेर पडलं की आकसतं. हरभरे भिजवले, वाळवले, पुन्हा भिजवले तर सालं फुटतात, तसे बारीक तडे इथेही पडतात. पूर्ण रिकामी ते पूर्ण भरलेली अशी मोठी फेरी असेल तर ताण जास्त, मधल्या पट्ट्यात थोडी वरखाली असेल तर कमी. म्हणून घरच्या रोजच्या वापरात २० ते ८० हा सल्ला चांगलाच आहे.

तिसरी गोष्ट फास्ट चार्जिंगची. सेल थंड असताना किंवा जवळजवळ भरलेला असताना फार वेगाने वीज ढकलली, तर लिथियमला थरांत शिरायला सवड मिळत नाही आणि ते ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. हे खरोखर वाईट. पण गाडीतली बॅटरी सांभाळणारी यंत्रणा नेमकी हेच टाळण्यासाठी वेग कमी करते. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे चार्जिंग सावकाश सुरू झालं तर त्याचं कारण हे. टोरांटोत किंवा ओस्लोत राहणाऱ्या मराठी माणसासाठी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन हाच प्रश्न.

तुमच्या गाडीत कुठली बॅटरी आहे?

हा प्रश्न विचारल्याशिवाय चार्जिंगचा कुठलाही सल्ला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. भारतात सध्या मुख्यतः दोन प्रकार चालतात. एक लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. टाटा नेक्सॉन, महिंद्रा बीई ६ अशा बऱ्याच गाड्यांत हीच आहे. दुसरा निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेला, म्हणजे एनएमसी. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये तो आहे. एलएफपीचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात लागला. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ साली त्यांना इतर दोघांसह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

एलएफपी वजनाला जड, पण टिकाऊ आणि उष्णतेला जास्त समंजस. तिची एक खोड मात्र प्रवासात माहीत असलीच पाहिजे. बॅटरी किती भरली आहे हे गाडी बऱ्याच अंशी सेलच्या व्होल्टेजवरून ओळखते. एनएमसीमध्ये व्होल्टेज चार्जबरोबर सरळ वाढत जातं, त्यामुळे अंदाज सोपा. एलएफपीमध्ये साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. तेवढ्या पट्ट्यात गाडी आत किती युनिटं गेली आणि बाहेर किती आली याची बेरीज-वजाबाकी करते, आणि छोट्या चुका साठत जातात. महिना-दीड महिना ३० ते ७० मध्येच फिरवलेली गाडी मग १४ टक्के दाखवत असताना एकदम ६ वर येते. बॅटरी खराब झालेली नसते, काटा चुकलेला असतो. एकदा पूर्ण १०० टक्के भरली की व्होल्टेज झपकन वर जातं, गाडीला खात्रीची खूण सापडते आणि हिशेब पुन्हा जुळतो.

म्हणून एलएफपी गाड्यांच्या सोबत आलेल्या पुस्तिकेत ठरावीक काळाने सावकाश १०० टक्के भरा असं लिहिलेलं सापडतं, तर एनएमसी गाड्यांच्या पुस्तिकेत रोजच्यासाठी ८०-९० वर थांबा असं. शेजाऱ्याचा सल्ला त्याच्या गाडीपुरता बरोबर आणि तुमच्या गाडीसाठी चुकीचा असू शकतो. पुस्तिका वाचायचा कंटाळा असेल तर निदान तेवढं एक पान वाचा.

निघायच्या आदल्या रात्री

लांब जायचं असेल तर १०० टक्के भरा. दोन्ही प्रकारच्या बॅटरीला. एलएफपीचा काटा जुळतो आणि एनएमसीला काही तासांच्या १०० टक्क्यांनी धाड भरत नाही. फक्त भरून झाल्यावर लगेच निघता येईल असं वेळापत्रक लावा.

हिशेब साधा आहे. ४५ युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवर असेल तर ३६ युनिटं भरायची. भिंतीवरच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरने, मधली गळती धरून, साडेपाच तास लागतात. रात्री अकराला लावली की पहाटे साडेचारला तयार, पाचला निघा. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, म्हणजे ३.३ किलोवॉटने, तेच काम बारा तासांचं आहे. संध्याकाळी पाचलाच लावायला हवी. बहुतेक गाड्यांत किंवा त्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग कधी सुरू व्हावं याची वेळ लावता येते.

चाकांतली हवा त्याच संध्याकाळी बघा. ही बाब इतकी क्षुल्लक वाटते की कुणी करत नाही. हवा कमी असेल तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, कमी होते आणि टायरही तापतो.

वेग

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० च्या जागी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून अधिक होतो, १२० ने गेलात तर सव्वादोन पट. पेट्रोलच्या गाडीतही हे घडतच होतं, पण तिथे इंजिनातच इतकी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते की फरक नजरेत भरत नाही. विजेच्या गाडीत काहीच लपत नाही.

मग हळू जावं का? इथे थोडं गणित करायला हवं, कारण सरसकट ‘हळू जा’ हा सल्ला मला पटत नाही. समजा ताशी ९० ने तुमची गाडी १०० किलोमीटरला १५ युनिटं घेते आणि १२० ने २१. शंभर किलोमीटरमागे १७ मिनिटं वाचली आणि सहा युनिटं जास्त गेली. सरासरी ४५-५० किलोवॉटने भरणारा चार्जर मिळाला तर ती सहा युनिटं आठ मिनिटांत परत येतात. वेगाने जाणं फायद्याचं. चार्जर ३० किलोवॉटचा असेल तर बारा मिनिटं जातात, फायदा नावापुरता. आणि समृद्धी महामार्गासारख्या, कायद्यानेच १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर पुढचा चालू चार्जर कुठे आहे याची खात्री नसेल, तर हे सगळं गणित बाजूला ठेवून ९० ते १०० धरणं शहाणपणाचं.

एसीबद्दल उगाच काळजी करू नका. गाडी एकदा थंड झाली की एसी साधारण एक किलोवॉटच्या आसपास घेतो, म्हणजे तासाला एक युनिट. त्याच तासात मोटर १२ ते १५ युनिटं घेतलेली असते. घामाघूम होऊन वाचवलेली रेंज सहा-सात किलोमीटरची.

वाटेतला थांबा

आता पुणे ते सावंतवाडी. कात्रज, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असा रस्ता धरला तर सगळे मिळून पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. कोल्हापूर २३० किलोमीटरवर. शंभर किलोमीटरला १५ युनिटं धरली तर कोल्हापूरपर्यंत साडेचौतीस युनिटं लागतात आणि बॅटरीत २३ टक्के उरतात. कागदावर छान दिसतं. पण कोल्हापुरात ठरवलेला चार्जर बंद निघाला, किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे चार गाड्यांची रांग असली तर हाताशी सत्तर किलोमीटर आणि धास्ती.

माझा नियम असा: ठरवलेल्या चार्जरवर पोहोचताना त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतकी वीज शिल्लक असली पाहिजे. म्हणून कऱ्हाडजवळ, १६५ किलोमीटरवर, नाश्त्याला थांबा. तिथे पोहोचताना साधारण ४५ टक्के असतील. पाऊण तासात मिसळ खाऊन होते आणि गाडी ८०-८५ वर जाते. तिथून सावंतवाडी सव्वादोनशे किलोमीटर. तिथवर जेमतेम पोहोचेल, पण कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यात चहाला पंधरा मिनिटं अजून एकदा चार्जरची गन, म्हणजे गाडीत खोचायचं टोक, लावली की डोक्याला ताप नाही. एका लांब थांब्यापेक्षा दोन छोटे थांबे जवळजवळ नेहमीच लवकर पोहोचवतात, आणि त्याचं कारण ८० नंतर चार्जिंगचा वेग का पडतो यात आहे.

चार्जर सेलमध्ये वीज ढकलतो ती सेलपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन. सेल भरत जातो तसं त्याचं व्होल्टेज वाढतं आणि एका मर्यादेला येऊन टेकतं. ती मर्यादा ओलांडायची नाही. मग एकच उपाय उरतो: प्रवाह कमी करत नेणं. त्यामुळे ६० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के ४० मिनिटांत भरणारी गाडी शेवटच्या २० टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ घेऊ शकते. ८० पासून १०० पर्यंत ताटकळण्यापेक्षा निघून पुढे २० टक्क्यांवर दुसरा चार्जर लावला तर मिनिटाला कितीतरी जास्त किलोमीटर भरतात. मागे कुणी थांबलं असेल तर ८० ला गन काढणं हा सभ्यपणाही आहे.

चार्जरवर लिहिलेला आकडा आणि मिळणारा वेग एक नसतो. गाडी जास्तीत जास्त ५०-६० किलोवॉट घेणारी असेल तर २४० किलोवॉटच्या चार्जरवर लावून काही फरक पडत नाही; उलट तो मोठ्या गाडीसाठी सोडला तर बरं. बऱ्याच ठिकाणी ६० किलोवॉटच्या एकाच खांबाला दोन गन असतात. दोन्ही लागल्या की वीज वाटली जाते, प्रत्येकाला तीस. शेजारचा खांब रिकामा असेल तर तिकडे लावा.

शक्य असेल तर आधी फोन करून विचारा. चार्जर बहुतेकदा एखाद्या हॉटेलच्या आवारात असतो आणि चार्जर दाखवणाऱ्या ॲपवर हिरवा, म्हणजे चालू, दिसणारा चार्जर सकाळपासून बंद आहे हे हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं. दोन-तीन वेगवेगळ्या ॲपमध्ये थोडे पैसे घरूनच भरून ठेवा. घाटाच्या तोंडाशी नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघणं फार केविलवाणं असतं.

फास्ट चार्जरने बॅटरी बसते का?

अमेरिकेतल्या रिकरंट या कंपनीने २०२३ साली बारा हजारांहून अधिक टेस्ला गाड्यांच्या नोंदी तपासल्या. जवळजवळ नेहमी फास्ट चार्ज होणाऱ्या आणि क्वचितच फास्ट चार्ज होणाऱ्या गाड्यांच्या रेंजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक त्यांना सापडला नाही. जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांवरून काढलेली बॅटरीची सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. वर्षातून चार-सहा वेळा गावी जाताना लावलेल्या फास्ट चार्जरने बॅटरी बसेल ही भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. रोज दोनदा फास्ट चार्ज होणाऱ्या टॅक्सीची गोष्ट वेगळी, तिथे सांभाळून राहायलाच हवं.

पण हे आकडे बहुतांश अशा देशांतले आहेत जिथे चंद्रपूरचा मे महिना नसतो. उष्णतेबद्दलचा धडा अमेरिकेतल्या वाळवंटी ॲरिझोना राज्यातून घ्यावा. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथल्या निसान लीफच्या मालकांच्या लक्षात आलं की वर्ष-दोन वर्षांच्या गाड्यांची क्षमता झरझर कमी होतेय. त्या गाडीत बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. ओरड झाली आणि शेवटी कंपनीला क्षमता घटण्यावरही वॉरंटी द्यावी लागली. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक चारचाकी विजेच्या गाड्यांत बॅटरीभोवती थंड द्रव फिरतो, त्यामुळे तशी अवस्था होऊ नये. पण गाडी विकत घेताना हा प्रश्न नक्की विचारा, विशेषतः जुनी घेत असाल आणि राहायला नागपूर, अकोला, जळगावकडे असाल तर.

उन्हाळ्यात समृद्धीवरून जाताना दुपारी एकला १२० ने दोन तास, लगेच फास्ट चार्जिंग, लगेच पुन्हा १२०, असं केलं की बॅटरी दोन्हीकडून तापते. चार्जरला लावल्यावर गाडीचे पंखे जोरात घोंघावू लागतात आणि वेग ५० वरून ३० किलोवॉटवर येतो. चार्जर खराब आहे म्हणून तो चालवणाऱ्याशी भांडू नका. गाडीनेच कमी मागितलंय. मोठा थांबा सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर घ्यावा. दुपारचाच घ्यायचा असेल तर आधीची वीस-पंचवीस किलोमीटर जरा सावकाश चालवा आणि सावलीतला चार्जर शोधा.

घाट

घाट या गाड्यांना खरं तर मानवतो, फक्त त्याचा हिशेब उलटा आहे. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी १०० मीटर उंच नेण्यासाठी अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त ऊर्जा लागते. हा आकडा लक्षात ठेवा, कुठल्याही घाटाला लावता येतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना साडेपाचशे मीटर, म्हणजे नेहमीच्या खर्चावर तीन-साडेतीन युनिटं. दहा किलोमीटरच्या चढात बॅटरी दहा-अकरा टक्क्यांनी घसरलेली दिसते आणि नवा माणूस घाबरतो. पठार लागलं की खर्च पुन्हा जागेवर येतो.

उतारावर मोटर उलटी चालून जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. सगळी नाही, पण बरीचशी. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना साधारण सहाशे मीटर खाली येता; ३० किलोमीटरचा तो टप्पा जवळजवळ फुकटात होतो. वर केलेल्या सावंतवाडीच्या हिशेबात हे धरलेलं नाही, ती तुमची वरकड.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणं हे याचं टोकाचं उदाहरण. तेराशे मीटरच्या आसपास उतार, म्हणजे सात युनिटांची ऊर्जा फक्त उंचीत साठलेली. खाली पोचल्यावर वर होती त्यापेक्षा चार टक्के जास्त दिसली तर नवल नाही. म्हणूनच महाबळेश्वरच्या हॉटेलवर रात्री १०० टक्के भरून सकाळी हा घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे मोटरचा ब्रेक लागत नाही किंवा फारच कमी लागतो. रोज पाय उचलला की गाडी आपसूक हळू व्हायची सवय लागलेली असते. पहिल्या वळणावर ती तशी होत नाही. साधे ब्रेक असतातच, पण सगळा भार त्यांच्यावर येऊन ते तापतात. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८५-९० वर थांबवा.

गावचं घर

बॅटरीपेक्षा जास्त लक्ष इथे द्या, कारण इथे धोका घराला आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून गाडी आठ-दहा तास सलग वीज ओढते. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, मिक्सर दोन मिनिटांत. जुन्या घराच्या वायरिंगने इतका वेळ इतका भार कधी वाहिलेलाच नसतो. सैल सॉकेट, बारीक वायर, काळवंडलेला पिन, यातलं काही दिसलं तर लावूच नका. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा. बऱ्याच पोर्टेबल चार्जरवर प्रवाह कमी करायची सोय असते. १० अँपिअरवर ठेवलं तर रात्रभरात वीस युनिटं तरी मिळतात. एक्स्टेन्शन बोर्ड नको. माळ्यावरून ओढलेली लाल-काळी वायर तर अजिबात नको.

कोकणात नेहमी येणारी अडचण अर्थिंगची. प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होत नाही. घरातले सगळे दिवे-पंखे व्यवस्थित चालत असल्यामुळे दोष चार्जरचा वाटतो. प्रत्यक्षात अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली असते, किंवा मातीत पुरलेली पट्टी गंजून गेलेली. चार्जर ती तपासतो आणि नसेल तर नकार देतो. त्याला फसवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील; ऐकू नका, गाडीला हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. गावातल्या वायरमनकडून नवं अर्थिंग करून घेणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग, आणि घरातल्या इतर सगळ्यांसाठीही ते हवंच होतं.

पावसात चार्जिंग करायला हरकत नाही, गाडीकडची गन आणि तिचं तोंड पाण्यापासून संरक्षित असतं. घरातला सॉकेट मात्र कोरडाच हवा. विजा कडाडायला लागल्या तर प्लग काढून ठेवा.

गावी पाच दिवस मुक्काम असेल तर गाडी पोहोचल्या पोहोचल्या १०० टक्के भरून ठेवायचा मोह आवरा. ५०-६० वर राहू द्या, परतीच्या आदल्या रात्री भरा. महिनाभर परदेशी जाणार असाल तरी तेच: अर्धी भरलेली, सावलीत. अगदी ३-४ टक्क्यांवर सोडून जाऊ नका, कारण गाडी उभ्या उभ्या थोडी वीज खातच असते आणि पूर्ण उतरलेल्या सेलला खरी इजा होते. आणखी एक: या गाड्यांतही पेट्रोलच्या गाडीसारखी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठ्या बॅटरीत ६० टक्के असूनही गाडीचं दारसुद्धा नीट उघडत नाही. बरेच दिवस उभ्या गाडीचं ॲप दर तासाला उघडून ‘कशी आहे’ बघणं या छोट्या बॅटरीला महागात पडतं.

झीज मोजायची तर

रेंजच्या आकड्यावरून मोजू नका. डॅशबोर्डवर दिसणारे किलोमीटर तुमच्या गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेले असतात. घाट चढून आलात की ते कमी दिसणार. घरच्या चार्जरवर युनिटं मोजण्याची सोय असेल तर वर्षातून एकदा, साधारण त्याच महिन्यात, गाडी १० टक्क्यांवरून सावकाश १०० पर्यंत भरा आणि किती युनिटं गेली ते लिहून ठेवा. चार्जिंगमधली गळती दरवर्षी सारखीच असते, त्यामुळे तुलना होऊ शकते. कंपन्या बॅटरीवर साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, काही त्याहून जास्त. त्यात क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर दावा करता येतो हे लिहिलेलं असतं, तो आकडा शोधून ठेवा. पहिल्या वर्षी घट थोडी जास्त दिसते आणि मग वेग मंदावतो. एका वर्षी दोन टक्के कमी आणि पुढच्या वर्षी एक टक्का जास्त असंही दिसेल, कारण तेवढा फरक तापमानाने आणि काट्याच्या अंदाजानेच पडतो. त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठायची गरज नाही.